बोटांना पेलेल एवढाच ताण

संधिवाताने बोटे आखडू लागली की माणूस कोणकोणत्या गोष्टी मुकाट्याने सोडून देतो, याची नोंद घरात कुणी ठेवत नाही. सुईत दोरा ओवणे जाते, नारळ खवणे जाते, लांब पत्रे लिहिणे जाते. ज्या घरात कुणी एखादे वाद्य वाजवत असे तिथे ते वाद्यही एके दिवशी कपाटावर जाऊन बसते. ते सोडल्याने कुणाचे काही अडत नाही, म्हणून त्याविषयी डॉक्टरांकडेही कुणी बोलत नाही.

मागील पंधरवड्यात आलेल्या एका पत्रात हाच प्रश्न होता. पत्र लिहिणारे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांच्या पत्नी चौऱ्याहत्तरच्या. त्या पूर्वी सतार वाजवीत. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात बळावला आणि पोलादी तारांवर मींड घेणे अशक्य झाले, तेव्हा सतार थांबली. आता नातीने शिक्षणासाठी परगावी जाताना आपले टेनर युकुलेले घरी ठेवले आहे. ते मांडीवर घेऊन या बाई दुपारी भजने गुणगुणतात. पण दहा मिनिटांतच बोटे दुखतात आणि वाद्य पुन्हा पिशवीत जाते. वाद्यांच्या दुकानात सांगितले गेले की बोटांना घट्टे पडले की दुखणे थांबेल. तारा बदलून काही उपयोग होईल का, की वाद्य नातीला परत पाठवावे, असे त्यांनी विचारले आहे.

तारा बदलण्याचा उपयोग निश्चित होतो. परंतु दुखते ते नेमके कुठे, हे आधी पाहिले पाहिजे, कारण दुकानदाराचे उत्तर अर्धे बरोबर आणि अर्धे धोक्याचे आहे.

बोटाच्या टोकाची त्वचा चुरचुरत असेल, तारेचा वळ उमटत असेल आणि तासाभरात तो जात असेल, तर ती त्वचेची तक्रार होय. नवशिक्या तरुणालाही ती होते आणि रोज थोडे थोडे वाजवल्यास काही आठवड्यांत त्वचा निबर होऊन बहुधा शमते. वृद्धांची त्वचा मात्र पातळ असते. रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू असतील तर निळे डागही लवकर पडतात, म्हणून त्यांचे घट्टे अधिक सावकाश घडू द्यावेत. याउलट बोटाच्या शेवटच्या पेराचा सांधा, मधला सांधा किंवा अंगठ्याचे मूळ दुखत असेल, तर घट्ट्यांचा तिथे काडीचाही उपयोग नाही. सांध्याला घट्टे पडत नसतात. तिथे दाबण्याचे बळच कमी करावे लागते. फिजिओथेरपिस्ट वापरतात तो एक सोपा निकष आपणही वापरावा: वाजवणे संपल्यावर दोन तासांनीही दुखणे पूर्वीपेक्षा अधिक असेल, तर त्या दिवशीचे वाजवणे जास्त झाले. दुसऱ्या दिवशी निम्मे करावे.

काही लक्षणांचा मात्र तारांशी संबंध जोडत बसू नये. सांधा सुजून गरम झाला असेल, सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, बोट वाकवल्यावर अडकून मग खटकन सुटत असेल, किंवा रात्री अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येत असेल, तर आधी डॉक्टरांना हात दाखवावा. मधुमेह असलेल्यांत बोट अडकणे आणि मनगटाशी नस दाबली जाणे या तक्रारी अधिक आढळतात. ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे त्यांना त्वचा सोलवटली तरी कळत नाही. अशा वेळी वाजवून झाल्यावर बोटांची टोके पाहण्याचे काम शुश्रूषा करणाऱ्याने आपल्याकडे घ्यावे.

आता वाद्याकडे वळू. युकुलेले हवाई बेटांचे. 1879 च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून ऊसमळ्यांत काम करणारी माणसे घेऊन होनोलुलूला पोहोचले. त्यांत लाकूडकाम जाणणारे तिघे कारागीर होते: मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो. मदैरातील ‘माशेत’ या लहानशा वाद्यावरून हवाईत जे वाद्य घडले ते युकुलेले. राजा कालाकाउआ याने त्याला दरबारात स्थान दिले. त्याच्या तारा मूळच्या आतड्याच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले. पोलादी तार या वाद्यावर कधीच चढवू नये, कारण तिच्या ताणाने घोडी पोटावरून उखडून येऊ शकते. जुन्या सतारीची तार शिल्लक आहे म्हणून ती इथे लावण्याचा मोह कुणाला झालाच, तर तो आवरावा.

सर्वांत लहान युकुलेले सोप्रानो, मग कॉन्सर्ट, त्यानंतर टेनर आणि शेवटी बॅरिटोन. सोप्रानोची वाजती तार सुमारे 33 सेंटीमीटर, कॉन्सर्टची 38, टेनरची 43. वृद्ध हातांसाठी टेनर निवडावे असे मी सहसा सांगतो, कारण त्याचे पडदे ऐसपैस असतात आणि सांधे फुगलेली बोटे एकमेकांवर चढत नाहीत. पण या लांबीची किंमत मोजावी लागते. एकच तार त्याच सुरात अधिक लांबीवर ताणायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कॉन्सर्टवर बसणारी तार टेनरवर त्याच सुराला चढवली तर ताण सुमारे सव्वापटीहून थोडा अधिक होतो. टेनरच्या एकेका तारेवर साधारण साडेचार ते सात किलोचा ताण असतो. चारही मिळून वीस-पंचवीस किलो. पोलादी तारांच्या गिटारवर तो एकूण सत्तर किलोच्या घरात जातो, त्या मानाने हे हलके आहे खरे. परंतु ज्या बोटाला कुकरचे झाकण फिरवताना कळ येते त्याला हा दिलासा पुरेसा नाही.

म्हणून ताण कमी करायचा. त्याचा पहिला प्रयोग पैसे न खर्चता होतो, आणि तो केल्याशिवाय दुकानात जाऊ नये असे माझे मत आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पेटी असते किंवा पेटीचे सूर ओळखणारे कुणी तरी असते, म्हणून पेटीच्याच भाषेत सांगतो. युकुलेलेच्या चार तारा नेहमी पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा अशा मिळवतात. पांढरी एकला षड्ज मानला तर हे प, सा, ग, ध होतात. यांतील पहिली पंचमाची तार षड्जाच्या खालची नसून वरची असते, त्यामुळे तारा खर्जाकडून तारसप्तकाकडे क्रमाने जात नाहीत. तंबोऱ्याच्या तारांची सवय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तिथेही खर्जाची तार शेवटी येते. आता या चारही तारा एकेक पूर्ण स्वर खाली उतरवाव्यात: पांढरी चार, काळी पाच, पांढरी दोन, पांढरी पाच. बोटांच्या जागा त्याच राहतात, फक्त सगळे गाणे एक स्वर खाली येते. आणि तारांचा ताण सुमारे एकपंचमांशाने घटतो. अर्धाच स्वर उतरवला तर घट सुमारे अकरा टक्के.

यात एक अनपेक्षित सोयही आहे. स्त्रियांच्या आवाजाला पांढरी एकचा षड्ज बऱ्याचदा चढा पडतो, आणि वयाबरोबर आवाज आणखी खाली येतो. काळी पाच ही तर अनेक गायिकांची नेहमीची पट्टी. म्हणजे वाद्य उतरवल्याने बोटांची आणि गळ्याची दोघांचीही सोय होते. पत्रातील बाई एकट्याच गुणगुणतात, त्यामुळे दुसऱ्या वाद्याशी सूर जुळवण्याचा प्रश्नच नाही. एखाद्या मंडळात पेटीच्या साथीने बसायचे असेल तर पेटीवाल्यांना ‘काळी पाच’ एवढे सांगितले की पुरे.

आठ दिवस असे वाजवून पाहावे. दुखणे स्पष्ट कमी झाले तर ताणाचा वाटा मोठा होता असे समजावे आणि मग कमी ताणाच्या तारा घ्याव्यात. काही फरकच पडला नाही तर दोष बहुधा तारांत नसून तारांच्या उंचीत आहे.

ही उंची फारच दुर्लक्षित राहते. तार पडद्यावर टेकेपर्यंत दाबायला लागणारे बळ दोन गोष्टींवर ठरते: ताण किती आणि तार पडद्यापासून किती वर आहे. तारा बदलून ताण एकपंचमांशाने उतरतो. पण पहिल्या पडद्यावरची अनावश्यक उंची निम्म्यावर आणली तर तिथले बळ जवळपास निम्मेच होते. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त वाद्यांत खुंट्यांजवळची खाचांची पट्टी, जिला गिटारवाले ‘नट’ म्हणतात, पुष्कळदा उंच ठेवलेली असते, कारण खाच कमी खोल असली तर तार खरखरत नाही आणि तक्रार येत नाही. तक्रार करतात ती बोटे, आणि ती कारखान्यापर्यंत पोहोचत नाही.

घरच्या घरी तपासण्याची रीत सोपी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये तार दाबून धरावी आणि पहिल्या पडद्यावर तार व पडदा यांमध्ये किती फट उरते ते भिंगातून पाहावे. केसाएवढी, फार तर पातळ कागदाएवढी फट असावी. पोस्टकार्ड सहज सरकत असेल तर खाचा खोल करून घ्याव्यात. हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे आहे, घरच्या कानसीचे नाही. खाच एकदा जास्त खोल गेली की पट्टीच बदलावी लागते. कॅपो नावाचा चिमटा घरात असेल तर आणखी एक परीक्षा होते. तो पहिल्या पडद्यावर लावून, वाद्य अर्धा स्वर उतरवून वाजवावे. बोटांना एकदम हलके वाटले तर उंचीचा दोष बहुधा खाचांचा. बाराव्या पडद्यावर मात्र दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास उंची राहू द्यावी. तीही अगदी कमी करून आणण्याचा आग्रह धरू नये. याचे कारण पुढे येईल.

आता तारांविषयी. पाकिटावर ‘लो टेन्शन’ किंवा ‘लाइट’ लिहिलेले असले तरी त्या शब्दाला सर्व कंपन्यांत एकच अर्थ नाही. एकीची ‘लाइट’ दुसरीच्या ‘मीडियम’एवढी निघू शकते. म्हणून शब्द वाचण्याऐवजी आकडे वाचावेत. काही कंपन्या प्रत्येक तारेचा ताणच छापतात. तो नसेल तर जाडी तरी असतेच. एकाच पदार्थाच्या दोन तारांत ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. नायलॉनची पांढरी सहाची तार 0.71 मिलिमीटरऐवजी 0.61 मिलिमीटरची घेतली, तर त्याच सुरात ताण सुमारे चतुर्थांशाने कमी होतो. दिसायला एकदशांश मिलिमीटरचा फरक, पण सांध्याला तो जाणवतो. कॉन्सर्टचा संच टेनरवर लावला की ताण आपोआप कमी होतो असे काही जण सांगतात. संचातील तारा टेनरच्या तारांहून खरोखरच बारीक असतील तरच ते खरे. अनेक कंपन्यांच्या दोन्ही संचांत फरक नावापुरता असतो. शिवाय तार खुंटीवर दोन-तीन वेढे घेण्याइतकी लांब आहे ना, हेही पाहावे लागते.

हा हिशेब फक्त एका पदार्थापुरता चालतो. पदार्थ बदलला की जाडीवरून ताण ओळखता येत नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. फ्लुरोकार्बन नावाचा पदार्थ, ज्याची मासेमारीची दोरीही असते, नायलॉनच्या दीडपटीहून अधिक जड आहे. त्यामुळे तीच पट्टी, तोच ताण मिळवायला 0.70 मिलिमीटर नायलॉनच्या जागी फ्लुरोकार्बनची तार 0.55 मिलिमीटरच पुरते. ती पाहून ‘ही बारीक, म्हणजे मऊ असणार’ असे वाटते. प्रत्यक्षात ताण तेवढाच आणि दाबाची रेषा मात्र अरुंद, म्हणून पातळ त्वचेत ती अधिक रुतते. सांधे ठीक आहेत पण बोटांची टोके हुळहुळी झाली आहेत, अशांनी बारीक फ्लुरोकार्बनपेक्षा किंचित जाड नायलॉन बरे समजावे. इटलीतील अक्विला कंपनीची ‘नायलगट’ ही तार या दोहोंच्या मधली. तिची घनता मुद्दाम आतड्याच्या तारेएवढी ठेवलेली आहे. तिचा पृष्ठभाग किंचित खरखरीत लागतो. काहींना त्यावर बोट ठरते म्हणून ती आवडते, तर काहींना त्यामुळेच नकोशी होते.

पत्रातील बाईंसाठी निवड सांगायची तर मी हलका नायलॉन संच सांगेन, चारही तारा साध्या, एकीवरही धातूचे वेष्टन नको. पंचमाची तार खालच्या सप्तकात मिळवण्यासाठी पुष्कळदा तांब्याच्या बारीक तारेने गुंडाळलेली तार देतात. आवाज भरदार येतो, पण बोट सरकताना ती किरकिरते आणि त्वचेला कानसीसारखी घासते. सतार वाजवलेल्या माणसाला खर्जाची ओढ असणार हे मी समजू शकतो. तो मोह पुढच्या संचासाठी राखून ठेवावा.

हलक्या तारांचे तोटेही स्पष्ट सांगितले पाहिजेत, नाही तर फसवल्यासारखे होईल. आवाज लहान येतो. शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही एवढा लहान येतो असे कधी कधी वाटते. सैल तार कंप पावताना अधिक मोठा झोका घेते आणि पडद्यांना आपटून खरखरते. बाराव्या पडद्यावरची उंची फार कमी करू नये असे म्हटले ते यासाठी. तंबोऱ्याची जवारी ऐकत वाढलेल्या कानाला ही खरखर प्रारंभी गोडही वाटेल, पण जवारी घोडीच्या घडणीतून मिळते आणि प्रत्येक स्वराला सारखी लागते; ही मात्र एखाद्याच पडद्यावर निघते आणि चार दिवसांत नकोशी होते. हलकेच छेडावे, नखाऐवजी अंगठ्याच्या गराने किंवा नमद्याच्या तुकड्याने, म्हणजे ती थांबते. आणखी एक गोष्ट: सैल तार जोराने दाबली की सूर चढतो. जी बोटे आजवर घट्ट तारांशी झगडत होती ती सवयीने अजूनही जोर लावतात आणि मग ‘या तारा बेसूर आहेत’ असे वाटू लागते. दोन आठवडे सवय मोडायला द्यावेत. बोट पडद्याच्या अगदी लगत, खुंट्यांच्या बाजूला ठेवावे. दोन पडद्यांच्या मधोमध ठेवले तर उगाच अधिक जोर लागतो.

श्रवणाचाही विचार करावा. वयानुसार वरचे सूर आधी ऐकू येईनासे होतात. नायलॉनचा आवाज मऊ, तर फ्लुरोकार्बनचा त्याहून टोकदार. ज्यांना नायलॉन ‘दबलेले’ वाटते त्यांच्या बाबतीत दोष तारेचा की कानाचा, हे घरातील तरुण माणसाने शेजारी बसून ऐकल्याशिवाय ठरवू नये. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: काही यंत्रे लांबलेल्या सुराला गोंगाट समजून दाबतात. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना असते. ती चालू करून देण्यास ऑडिओलॉजिस्टना सांगावे. असा कान असलेल्याने, त्वचा सोसत असेल तर, बारीक फ्लुरोकार्बन घेऊन वाद्य एक स्वर उतरवावे. ताण कमी होतो आणि सुराची धार काही अंशी शिल्लक राहते.

अंगठ्याच्या मुळाच्या दुखण्यावर निव्वळ तारांनी भागत नाही. बोटे समोरून जेवढे दाबतात तेवढेच अंगठा मागून दाबतो, आणि वाद्य घसरू नये म्हणून तोच अंगठा दांडीही धरून ठेवतो. हे दुसरे ओझे काढून टाकण्यासाठी वाद्याला पट्टा लावावा. पट्ट्याची खुंटी बसवायला कारागिराला दहा मिनिटे लागतात. पट्ट्याने वाद्य तोलले गेले की अंगठा दांडीमागे नुसता टेकवून ठेवता येतो. बिनहातांची, सरळ पाठीची खुर्ची घ्यावी. पलंगावर लोडाला टेकून वाजवताना मनगट फार वाकते. सुरुवात एका बोटाच्या जोडस्वरांनी करावी. ‘सी’साठी एक बोट पुरते, ‘ए मायनर’साठीही एकच, ‘एफ’साठी दोन. पुष्कळशी भजने आणि साधी गाणी एवढ्यावर गुणगुणता येतात. तीन-चार बोटे एकत्र दाबायला लावणारे जोडस्वर शिकवण्याची घाई नातवंडांनी करू नये, उत्साहाने ती हटकून होते.

तारा बदलण्याचे काम मात्र वाजवणाऱ्याचे नव्हे. घोडीतून तार ओवून तिला गाठ मारणे, खुंटी पन्नास वेळा फिरवणे, टोके कापणे, या प्रत्येक कृतीत नेमका दुखणारा अंगठाच लागतो. शुश्रूषा करणाऱ्याने हे आपल्याकडे घ्यावे. खुंटी फिरवण्याचा छोटा दांडा मिळतो, तो घ्यावा. वाद्याला दातेरी चक्राच्या खुंट्या नसतील आणि नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या असतील, तर रोजचे सूर मिळवणेही मनगटाला जड जाते. त्या बदलून घेणे योग्य. चारही तारा एकदम काढू नयेत. एक काढावी, तिच्या जागी नवी चढवावी, मग दुसरीला हात लावावा. असे केले म्हणजे घोडीवरचा भार एकाएकी सुटत नाही आणि कोणती तार कुठे हेही चुकत नाही. कापलेली टोके टोचतात, ती घोडीपाशी आत वळवून द्यावीत. काढलेल्या तारा फेकू नयेत. त्यांच्या पाकिटावर जाडी आणि तारीख लिहून ठेवावी, म्हणजे नवा संच मानवला नाही तर पुन्हा कुठे जायचे ते ठाऊक राहते.

नवे नायलॉन आठवडाभर ताणले जात राहते. सकाळी मिळवलेली तार दुपारी उतरलेली आढळेल, त्यात वाद्य बिघडले असे काही नसते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे अधिक चालते, कारण नायलॉन हवेतील ओल शोषते. फ्लुरोकार्बन जवळजवळ शोषत नाही. पहिले आठ दिवस वाजवण्याआधी दर वेळी काळी पाचला सूर मिळवून वाद्य हातात द्यावे, आणि घड्याळ पाहून दहाव्या मिनिटाला चहा ठेवावा.